आयर्विनचे फूट आणि ‘मी’

गेल्या रविवारी जर्मनीतल्या ड्रेसडेनच्या ऑगस्टस पुलावरून बाबांना व्हिडिओ कॉल लावला. म्हटलं, 2002च्या ऑगस्टमध्ये ही एल्बे नदी 9 मीटर 40 सेंटीमीटरपर्यंत चढली होती. बाबांनी मनातल्या मनात हिशोब केला. “म्हणजे एकतीस फूट? हॅट्! एवढ्याला आपल्याकडं कोण चप्पल बी उचलत नाही.”

मापपट्टीचं शून्य प्रत्येक नदीवर वेगळ्या ठिकाणी असतं, हे सांगून पाहिलं. पण सांगलीकराला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचे फूट सोडून दुसरं माप पटतच नाही. 40ला इशारा, 45ला धोका, आणि 2019ला 57च्याही वर.

याच फुटांवर माझं डाडच्या (DAAD, परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देणारी जर्मन संस्था) शिष्यवृत्तीच्या अर्जाचं पत्र उभं राहिलं. तुमच्यापैकी बरेच जण विचारतात, ‘त्यात काय लिहिलंस?’ खरं सांगायचं तर पहिल्या खर्ड्यात काहीच नव्हतं. ‘माझा जन्म मध्यमवर्गीय कुटुंबात झाला’, मग वडिलांचे कष्ट, मग ‘लहानपणापासून मला पाण्याविषयी कुतूहल होतं’. (कुतूहल कसलं? पाणी आलं की शाळेला सुट्टी, एवढंच.) मार्क्सही लिहिले होते. ते गुणपत्रिकेत दिसतातच.

मग विश्रामबागला आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या सरांकडे गेलो. त्यांनी महापुराचा परिच्छेद वाचला आणि लाल पेनानं प्रत्येक ‘वी’भोवती (we, म्हणजे ‘आम्ही’) गोल काढत सुटले. चौदा गोल झाले.

“आम्ही सामान हलवलं, आम्ही लोकांना बाहेर काढलं. अरे, हे गल्लीनं केलं. तू काय केलंस ते सांग की!”

राग आला. आपल्याकडे एकट्यानं केलेलं कामसुद्धा ‘आम्ही केलं’ म्हणून सांगतात, ‘मी, मी’ करणाऱ्याला शहाणा म्हणतात. आणि पुरात एकट्यानं केलेलं असतंच काय?

घरी आलो आणि माळ्यावरून 2019च्या पुरातली वही काढली. तेव्हा मी एका ठेकेदाराकडे साईटवर होतो, नोकरीला जेमतेम वर्ष झालेलं. दर तासाला आयर्विनचा आकडा कळला की शंभरपानी वहीत टिपायचो, तासाला किती इंच वाढतंय ते काढायचो आणि गल्लीत सांगत फिरायचो: काकू, फ्रिज आत्ताच उचला, तुमच्याकडं अजून तीन तास आहेत. दोनदा माझा अंदाज चुकला. एकदा एका घरातली हळदीची पोती भिजली. पानांच्या कडांना अजून चिखलाचा पिवळट डाग आहे.

पत्रात मी ती वही लिहिली, हळदीची पोतीसुद्धा. अंदाज का चुकला हे तेव्हा कळलं नव्हतं, ते शिकायला यायचंय, असं लिहिलं. कुतूहल खोडलं. नोकरीतलं काम आणि ज्यासाठी अर्ज केला तो अभ्यासक्रम यांचा संबंध दाखवावा लागतो, तो आपोआप जुळला.

पत्र दोन पानांत बसवायचं होतं, खाली तारीख आणि हातानं केलेली सही. स्कॅन करायला गावभागातल्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. त्यानं रिवाजाप्रमाणे आधी सगळं वाचून काढलं.

“आमच्या दुकानात पाणी कधी शिरलं, ते आहे का रे ह्यात?”

वहीत होतं, वेळेसकट. पत्रात बसलं नव्हतं.