पंधरा स्तोत्रं आणि एक फोड

सारिया ते सांतियागो. पाच दिवस, साधारण ११५ किलोमीटर. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातली ही वाट, कामिनो. येशूचा शिष्य, जब्दीचा मुलगा याकोब याची कबर सांतियागोच्या कॅथेड्रलखाली आहे अशी परंपरा आहे, म्हणून शतकानुशतकं लोक तिथं चालत जातात. शेवटचे १०० किलोमीटर पायी पूर्ण केले की प्रमाणपत्र मिळतं. कबरीचं मला फारसं आकर्षण नव्हतं, प्रमाणपत्राचंही नाही. दोन-तीन वर्षं माझी प्रार्थना कोरडी पडली होती. उपासनेला जायचे, गाणी म्हणायचे, घरी यायचे. ही गाडी रुळावर आणायची म्हणून ही वारी, आणि त्यासाठी माझ्याकडे पक्की योजना होती.

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतली १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रं यरुशलेमच्या यात्रेची म्हणून ओळखली जातात. पंधरा स्तोत्रं, पाच दिवस, रोज तीन. वहीत चौकोन आखले होते. वाचलं की टीक. आता आठवलं की हसू येतं, पण तेव्हा मी फार गंभीर होते.

पहिला दिवस योजनेप्रमाणे गेला. वाट चुकायची भीती होती, तीही पहिल्या तासातच गेली, कारण भिंतीवर, झाडावर, दगडावर सगळीकडे पिवळे बाण. ओ सेब्रेइरो या डोंगरावरच्या गावाचे धर्मगुरू एलियास वालिन्या यांनी १९८४ साली रंगाचे डबे घेऊन ही खूण रंगवायला सुरुवात केली. बाण दिसला की वळायचं, एवढंच काम. संध्याकाळी मिन्यो नदीवरचा पूल ओलांडून पोर्तोमारीनला पोहोचले. जुनं गाव साठच्या दशकात धरणाच्या पाण्याखाली गेलं. त्याआधी तिथल्या चर्चचे दगड एकेक करून सोडवले, त्यांवर आकडे घातले आणि वर टेकडीवर ते चर्च पुन्हा उभं केलं. काही दगडांवर ते आकडे अजून दिसतात. मी बोटानं एक आकडा चाचपून पाहिला, मग आत बसून तिसरं स्तोत्र संपवलं. तीन टिका.

दुसऱ्या दिवशी पाऊस. पलास दे रेइपर्यंत २५ किलोमीटर. १२३वं स्तोत्र सकाळी वाचलं, मग बूट भिजले, मोजा टाचेखाली गोळा झाला, आणि दहाव्या किलोमीटरला लक्षात आलं की आपण लंगडतोय. थांबून मोजा बदलायला हवा होता. मी थांबले नाही, कारण थांबलं की वेळापत्रक हुकणार. पुढचे तास मनात देव नव्हता, स्तोत्र नव्हतं. होती फक्त टाच. इस्राएल लोक चाळीस वर्षं रानात चालले तरी त्यांचे पाय सुजले नाहीत, असं बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात लिहिलंय. माझा पाय दुसऱ्याच दिवशी बुटात मावेना.

यात्रेकरूंच्या धर्मशाळेत सेवा करणारे एक म्हातारे गृहस्थ होते. आमच्यात एकही सामायिक भाषा नव्हती. त्यांनी माझी चाल पाहिली, आत गेले आणि कोमट पाण्याचं घमेलं घेऊन आले. मी पाय मागे ओढला. नको, मी करते, असं हातवारे करून सांगितलं. पाय चिखलानं माखलेला, मोज्याला रक्त लागलेलं, आणि समोर माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस गुडघे टेकून. ते काही बोलले नाहीत. हात पुढे करून तसेच बसून राहिले. शेवटी मीच शरमून पाय दिला.

येशू शिष्यांचे पाय धुवायला बसला तेव्हा त्याचा शिष्य पेत्रही असाच म्हणाला होता, माझे पाय तू कधीच धुणार नाहीस. त्याच रात्री त्यानं छातीठोकपणे सांगितलं, तुरुंगात जाईन, मरेन, पण तुला सोडणार नाही. आणि त्याच्या जरा आधीच येशू त्याला काय म्हणाला होता? तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. कोंबडा आरवण्याआधी पेत्र येशूला ओळखत नाही म्हणणार होता, पण कोंबडा अजून आरवायचा होता. पेत्र पडण्याआधीच त्याच्यासाठी प्रार्थना होऊन गेली होती. इतक्या वर्षांत ही ओवी मी कितीदा ऐकली असेल, पण मला त्यात पेत्राची फजितीच दिसायची.

रात्री वही उघडली. दोन चौकोन रिकामे. पुढचं वाचायचा त्राण नव्हता, म्हणून मागं गेले, १२१व्या स्तोत्राकडे. आदल्या दिवशी त्यावर टीक मारली होती, वाचलं होतं की नाही देव जाणे. अवघ्या आठ ओव्या, आणि मूळ हिब्रूत 'राखणे' हे एकच क्रियापद सहा वेळा येतं. परमेश्वर राखतो, डुलकी घेत नाही, जाता-येता राखतो. त्या स्तोत्रात यात्रेकरूकडे काम फार थोडं आहे. तो डोंगराकडे डोळे वर करतो, बस्स. मी मात्र माझा विश्वास मीच राखायला निघाले होते, रखवालदारासारखी, वही आणि पेन घेऊन.

याचा अर्थ हातपाय गाळून बसायचं, असं नाही हं. तिसऱ्या दिवशी आर्सुआपर्यंत २९ किलोमीटर होते आणि मला कुणी पालखीत बसवून नेलं नाही. बायबलमधल्या एका पत्रात फिलिप्पैकरांना प्रेषित पौल सांगतो, तुम्ही आपलं तारण साधून घ्या, आणि त्याच दमात म्हणतो, कारण तुमच्यात काम करणारा देव आहे. ही दोन वाक्यं मला नेहमी एकमेकांशी भांडल्यासारखी वाटत. निलगिरीच्या झाडांखालून लंगडत चालताना ती भांडली नाहीत. दर पावलाला एकच शब्द म्हणत होते, राख. कधी तोही विसरत होते. विसरले म्हणून काही कोसळलं नाही.

चौथ्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. चाललं.

पाचव्या दिवशी मोंते दो गोसो, म्हणजे आनंदाचा डोंगर. इथून कॅथेड्रलचे मनोरे पहिल्यांदा दिसतात, म्हणून हे नाव. मला धुकं दिसलं. खाली शहरात उतरले, प्रमाणपत्र देणाऱ्या कचेरीत रांग लावली. तिथं विचारतात, कशासाठी चाललात? धार्मिक, आध्यात्मिक, की आणखी काही? पहिल्यावर खूण केली. त्यांनी यात्रेकरूच्या पुस्तिकेतले दर दिवसाचे दोन-दोन शिक्के तपासले, सगळे भरलेले होते. वहीतले अकरा चौकोन रिकामे होते, ते त्यांनी मागितले नाहीत.

रात्री पट्टी सोडली. टाचेवरची मेलेली कातडी पट्टीबरोबर निघून आली आणि खाली नवी दिसली, गुलाबी, पातळ, बोट लावलं तर गुदगुल्या होणारी. कधी आली, कळलंच नव्हतं. तेव्हा मी चालत होते, किंवा झोपले होते.