नवा बोर्ड, जुनी केबल आणि ९४ वर अडकलेला वेग

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि माझा चौथ्या पिढीचा इंटेल आय५ प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. म्हणून मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम एकदमच बदलली: बी६५० चिपसेटचा बोर्ड, रायझन ५ ७६००, ३२ जीबी डीडीआर५. कॅबिनेट, पॉवर सप्लाय आणि एसएसडी जुनेच ठेवले. पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते. तेवढ्या वेळात बोर्ड रॅमची जुळणी करत असतो, तेव्हा घाबरून पॉवरचं बटण दाबू नका. जोडणीबद्दल इतकंच पुरे. खरा वेळ घेतला तो इंटरनेटने.

शनिवार रात्र. विंडोज ११ होमचं इन्स्टॉलेशन इंटरनेट मागतं, आणि बोर्डावरच्या २.५ गिगाबिट लॅनचा (नेटवर्क केबलच्या पोर्टचा) ड्रायव्हर इन्स्टॉलरकडे नव्हता. केबल लावलेली, पोर्टवर दिवा लुकलुकतोय, पण विंडोजच्या लेखी नेटवर्क कार्डच नाही. अशा वेळी सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टिथरिंग (फोनचं इंटरनेट पीसीला देणं) चालू करणं. पीसीला तो फोन एक नेटवर्क कार्ड म्हणूनच दिसतो. इन्स्टॉलेशन पूर्ण केलं, बोर्डाच्या साइटवरून लॅनचा ड्रायव्हर घेतला आणि फोन काढला. दुसरा पीसी हाताशी असेल तर हा ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवणं उत्तम.

रविवार सकाळ. इंटरनेट आलं, पण घरातल्या टीव्हीला पीसीवरचं फोल्डर सापडेना. राउटरमध्ये या पीसीसाठी १९२.१६८.१.२० हा आयपी (घरच्या नेटवर्कवरचा) पत्ता राखून ठेवलेला होता, तो मिळालाच नाही. कारण साधं आहे: राखीव पत्ता नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकाशी, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेसशी बांधलेला असतो, आणि ऑनबोर्ड लॅनचा मॅक अ‍ॅड्रेस बोर्डाबरोबर बदलतो. राउटरमध्ये नवा मॅक घातला, काम झालं. ज्यांच्याकडे केबल ऑपरेटरची वायर राउटरशिवाय थेट पीसीत येते, त्यांनी इथे जास्त जपायला हवं. काही ऑपरेटर जोडणी एका मॅकला बांधून देतात. मग बोर्ड बदलला की आयपीच मिळत नाही आणि १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसत राहतो. तो पत्ता विंडोजने स्वतःच स्वतःला दिलेला असतो, त्याने बाहेर जाता येत नाही. ऑपरेटरला फोन करून नवा मॅक नोंदवून घ्यायचा, एवढाच त्यावर उपाय.

आता मुख्य गोष्ट. माझा प्लॅन २०० एमबीपीएसचा आहे. जुन्या पीसीवर तेवढा वेग मिळायचा. नव्यावर स्पीड टेस्ट ९४ च्या पुढे सरकेना, आणि प्रत्येक वेळी तोच आकडा. वेग असा एकाच आकड्याला चिकटून राहिला की मला हायसं वाटतं, कारण गर्दीमुळे किंवा सर्व्हरमुळे कमी झालेला वेग वरखाली होतो. ९४-९५ हा तर ओळखीचा आकडा आहे. १०० एमबीपीएसच्या लिंकवर १५०० बाइटचं एक पॅकेट तारेवर १५३८ बाइटची जागा घेतं, आणि त्यातली आपली खरी माहिती जेमतेम १४६० बाइट. त्यामुळे १०० ची लिंक ९५ च्या वर जातच नाही. सेटिंग्जमध्ये इथरनेटच्या पानावर लिंक स्पीड पाहिला: १००/१००.

बोर्ड नवा, ड्रायव्हर नवा, विंडोज नवी, त्यामुळे शोध घेताना हात आधी तिकडेच जातो. पण ड्रायव्हरच्या आवृत्त्या उलटसुलट करण्यात संध्याकाळ घालवण्याआधी अदलाबदल करून पाहणं मला जास्त पटतं. बेडरूममधली तीच केबल लॅपटॉपला लावली: लॅपटॉपही १०० वर. मग पीसी उचलून हॉलमध्ये राउटरशेजारी नेला आणि छोट्या पॅच कॉर्डने (तयार नेटवर्क केबलने) जोडला: १०००. पोर्ट निर्दोष, ड्रायव्हर निर्दोष. उरली ती केसिंग पट्टीतून बेडरूमपर्यंत आलेली कॅट ५ई दर्जाची नेटवर्क केबल. बदलली नव्हती, पण जोडणीच्या वेळी कॅबिनेटबरोबर हलली होती.

केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला दोनच पुरतात, पिन १, २, ३ आणि ६ वरच्या. गिगाबिटला चारही लागतात. एखादी जोडी तुटली तरी दोन्ही टोकं आधी १००० वर तयार होतात, लिंक जमत नाही, आणि काही प्रयत्नांनंतर चिप स्वतःच १०० वर उतरते. केबल लावल्यावर लिंक दोन-तीनदा येऊन-जाऊन मग स्थिरावत होती, ती यामुळेच. एरर कुठेच दिसत नाही, इंटरनेट चालू राहतं आणि निम्मा प्लॅन वाया जातो.

पुण्यातल्या तापकीर गल्लीतून एलईडीवाला केबल टेस्टर आणि कनेक्टरचं पाकीट आणलं. टेस्टरवर आठवा दिवा लागेना, म्हणजे तपकिरी तार. टेबलाकडचा कनेक्टर नीट पाहिला तर केबलचं बाहेरचं आवरण त्याच्या आत पोचलंच नव्हतं, उघड्या तारा बाहेर दिसत होत्या. ओढ बसली की ती थेट तारांवर येते. आवरण कनेक्टरच्या आत जाऊन दाबाखाली आलं पाहिजे, क्रिंपिंगमध्ये (केबलवर कनेक्टर दाबून बसवताना) मला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. टोक कापून टी५६८बी या ठरलेल्या क्रमाने तारा लावल्या: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. जोड्यांचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त सोडायचा नाही. कापलेली तार ब्लेडने खरवडूनही पाहिली. आत तांबूसच निघाली, याचा फार आनंद झाला. चंदेरी निघाली असती तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम, आणि ते वाकवलं की लवकर तुटतं. मग पूर्ण केबलच बदलावी लागली असती.

आठही दिवे लागले. लिंक १०००/१०००, स्पीड टेस्टला प्लॅनचा पूर्ण वेग, आणि लॅपटॉप राउटरला लावून पीसी आणि लॅपटॉपमध्ये आयपर्फ (वेग मोजणारा प्रोग्रॅम) चालवला तर ९४० च्या आसपास.

बोर्डाचा २.५ गिगाबिट पोर्ट सध्या अर्ध्याहून कमीच वापरला जातोय, कारण राउटरचे पोर्ट १ गिगाबिटचे आहेत. केबल मात्र बदलायची गरज नाही. २.५ गिगाबिटचं मानक कॅट ५ई वर १०० मीटरपर्यंत चालावं म्हणूनच बनवलेलं आहे, आणि माझी केबल त्याच्या पाव लांबीचीही नाही. पुढच्या वेळी वेक-ऑन-लॅन, म्हणजे बंद पीसी नेटवर्कवरून चालू करणं. पीसी बंद केल्यावर पोर्टचा दिवाही विझतो, म्हणजे बायॉसमधलं ईआरपी (बंद पीसीची वीज वाचवणारं सेटिंग) आधी बंद करून पाहायचं. बी६५० वर कोणाचं हे चालू असेल तर सेटिंग नक्की कळवा.