एका पुठ्ठ्याच्या तुकड्यासाठी ११७ दिवस

बेसबॉल मला अजून धड कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला येऊन पंधरा वर्षं झाली, पोराच्या लिटल लीगच्या मॅचला उन्हात खुर्ची टाकून बसलो तेव्हा जे काय कानावर पडलं तेवढंच ज्ञान. पण लहानपणी बिग फनच्या चुइंगमसोबतची क्रिकेटर्सची कार्डं जिवापाड जपलेली, त्यामुळे समोरचे आजोबा घर विकून निघाले आणि गॅरेज सेलला त्यांनी बुटांचा एक खोका उघडला तेव्हा मी तिथून हललोच नाही.

त्यात १९६८ चं, टॉप्स या कंपनीचं १७७ नंबरचं बेसबॉल कार्ड होतं. गोणपाटासारखी बॉर्डर, आत न्यूयॉर्कच्या मेट्स संघाची दोन नवी पोरं, दोघंही पिचर म्हणजे चेंडू टाकणारे, जेरी कूसमन आणि नोलन रायन. आजोबांना भाव चांगला माहीत होता, स्वस्तात वगैरे काही मिळालं नाही. पण म्हणाले, तेव्हा आम्हाला कूसमनच हवा असायचा, रायनला कोण विचारत होतं! नंतर बघितलं तर खरंच, त्या सीझनला कूसमनने १९ मॅच जिंकल्या आणि रायनने ६. मेट्सने तर १९७१ च्या डिसेंबरला रायनला एंजल्स या दुसऱ्या संघाकडे देऊन टाकलं, आणि तो पुढे ५७१४ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकमध्ये बॅट्समन बाद) आणि ७ नो-हिटर (समोरच्या संघाला एकही हिट न देता काढलेली मॅच) करून १९९३ ला रिटायर झाला. रूकी कार्डाचं, म्हणजे खेळाडू नवखा असतानाच्या कार्डाचं, वेड लागतं ते यामुळेच, त्या फोटोत पुढचं कुणालाच माहीत नाहीये, त्या पोरालासुद्धा.

असो. ठरवलं की एका कंपनीकडून ग्रेडिंग करून घेऊ, म्हणजे कार्ड खरं आहे की नाही ते तपासतात, १ ते १० मध्ये ग्रेड देतात आणि प्लॅस्टिकच्या स्लॅबमध्ये सील करून पाठवतात. फॉर्म, फी, पार्सल सगळं एका संध्याकाळी उरकलं. (टॉपलोडर म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये घालून पाठवू नका, आधी मऊ स्लीव्ह आणि मग ते अर्धवट कडक कार्ड सेव्हर, बहुतेक ठिकाणी तेच मागतात.)

आणि मग सुरू झालं. वेबसाइटवर स्टेटस आलं ‘ग्रेडिंग’. दुसऱ्या आठवड्यात ग्रेडिंग, सहाव्या आठवड्यात ग्रेडिंग, दिवाळीचा फराळ संपला तरी ग्रेडिंग. मी सकाळी चहा ठेवायच्या आधी स्टेटस बघायचो. बायको म्हणाली, अरे ग्रीन कार्डाच्या वेळी पण तू इतका हैराण नव्हतास. फोन लावला की चाळीस मिनिटं म्युझिक, मग एक अतिशय गोड आवाजाची बाई सांगणार की तुमची ऑर्डर प्रोसेसमध्ये आहे, थँक यू फॉर युअर पेशन्स. पेशन्स कुठे होता माझ्याकडे! ईमेल केला तर तेच वाक्य लेखी. एकदा तर ‘कार्ड हरवलंय का ते तरी सरळ सांगा’ असं लिहून पाठवलं, त्यालाही तेच उत्तर. इन्शुरन्स काढला होता, पण पाठवण्याआधी कार्डाचे चारी कोपऱ्यांचे फोटो काढले नव्हते, त्यामुळे रात्री झोप लागेना. तुम्ही काढा, पुढचा, मागचा, कोपरे, सगळे.

११७ व्या दिवशी पार्सल आलं. स्लॅब नाहीच! कार्ड जसं गेलं तसंच परत आणि एक चिठ्ठी, ‘मिनिमम साइझ’ नाही म्हणून ग्रेड देता येत नाही. म्हणजे माझं कार्ड ठरलेल्या मापापेक्षा केसभर लहान. कडा नव्या दिसाव्यात म्हणून कुणी कापलंय असा आरोप नाही, पण ग्रेडही नाही. चार महिने लागले पट्टी लावायला?

रागाच्या भरात त्याच रात्री जेवणाच्या टेबलावर मोजायला बसलो. टॉप्सची कार्डं १९५७ पासून अडीच बाय साडेतीन इंच. आजोबांच्या खोक्यातलीच त्याच सालची, ज्यांना कुणी विचारत नाही अशी चार साधी कार्डं त्याच्यावर ठेवून पाहिली, तर चारांची चार मापं! एक माझ्यापेक्षाही बारीक. मोठ्या शीटवरून मशीनने कापलेला माल तो, पाच सेंटच्या पाकिटात च्युइंगमबरोबर विकायला, कोण मोजत बसलं होतं तेव्हा? मग भिंगाने कडा बघितल्या. ब्लेडने नंतर कापलेली कड गुळगुळीत, नवी, बाकीच्या कडांपेक्षा पांढरीफेक दिसते, माझ्या कडेला जुनी मळकट लव होती, चारी बाजूंना सारखी. मग जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या कंपनीकडे पाठवलं, सोबत काहीही स्पष्टीकरण न लिहिता. पाच आठवड्यांत ४ ग्रेड घेऊन आलं. ४ म्हणजे फार काही नाही, कोपरे गोल झालेत आणि मागे च्युइंगमचा डाग आहे, पण मी ऑफिसमध्ये पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले. तो डाग घालवायला यूट्यूब बघून काही घासत बसू नका हं, मला मोह झाला होता. खोडरबर तर अजिबात नाही.

आणि विकत घेतानाच भिंग जवळ ठेवा, हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. फोटोत छपाईचे ठिपके दिसणारच, पण काळी अक्षरंसुद्धा ठिपक्यांचीच दिसली तर रीप्रिंट असण्याची दाट शक्यता, मूळ कार्डावर अक्षरं भरीव असतात.

अजून एक राहिलं. ह्या कार्डाची मिल्टन ब्रॅडली या खेळ बनवणाऱ्या कंपनीच्या एका खेळासाठी छापलेली आवृत्ती पण आहे, तिची मागची बाजू जास्त पिवळीधमक असते. फॉर्म भरायच्या आधी त्याच सालच्या साध्या कार्डाशेजारी ठेवून उजेडात बघा. मी पहिल्यांदा ट्यूबलाइटखाली बघितलं होतं, सगळंच पिवळं दिसलं.