आधी पाण्याला वाट, मग भिंत: आमची वाटचाल

आमचा धंदा दगडी बांधकामातून सुरू झाला. वडील यूसीआर, म्हणजे ओबडधोबड दगडांच्या, भिंतींची कामं मजुरीवर घ्यायचे. पुण्याच्या पश्चिमेला टेकड्यांच्या उतारावर बंगले उभे राहत होते, त्यामुळे भराव धरणाऱ्या भिंतींच्या कामाला तोटा नव्हता. सिव्हिलचा डिप्लोमा झाल्यावर मी त्यांच्या हाताखाली आलो. स्वतःच्या जबाबदारीवर घेतलेलं माझं पहिलं मोठं काम बाणेरच्या बाजूला एका सोसायटीचं, तीन मीटर उंच भिंतीचं. दुसऱ्याच पावसाळ्यात ती भिंत फुगली.

सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन सकाळी सहाला आला, "भिंतीनं पोट काढलंय, लगेच या." आम्ही दोघं धावलो. मधला भाग ओळंब्याला चार बोटं बाहेर आला होता. दगडांच्या सांध्यांतून गढूळ पाणी पाझरत होतं, आणि आम्ही सोडलेली पाण्याची भोकं मात्र कोरडी ठणठणीत. वडिलांनी एका भोकात सळई घातली, रेटली, गोल फिरवली. आधी काळ्या चिखलाचा बोळा बाहेर पडला आणि मागोमाग मनगटाएवढी धार. भोकं होती, पण त्यांच्या मागे खडीचा थरच नव्हता. खडीची गाडी वेळेवर आली नाही म्हणून मी थेट काळी माती मिसळलेला मुरूम भरून घेतला होता. चूक पूर्णपणे माझी होती.

नंतर एका स्ट्रक्चरल कन्सल्टंट सरांनी मला कागदावर हिशेब मांडून दाखवला. निचरा चांगला असेल तर तीन मीटर खोलीवर मुरमाचा आडवा दाब चौरस मीटरला साधारण पावणेदोन-दोन टन येतो. मागे वरपर्यंत पाणी तुंबलं की एकट्या पाण्याचाच दाब तीन टन होतो, शिवाय भिजलेल्या मातीचा वेगळा. एकूण दुपटीहून जास्त. आम्ही भिंत उतरवून आमच्या खर्चाने पुन्हा बांधली आणि त्यासाठी काँक्रीटचा मिक्सर विकला. तेव्हापासून भिंतीमागची खडी आणि जिओटेक्स्टाइल (माती अडवून पाणी जाऊ देणारं कापड) माझ्या डोळ्यांसमोर पडल्याशिवाय भराव होत नाही.

पुढे शहरात पुनर्विकास वाढला, पार्किंगसाठी दोन-दोन तळघरं आली, आणि आम्ही खोदाईच्या आधाराच्या कामात, म्हणजे शोअरिंगमध्ये उतरलो. पुण्यात खाली कातळ आहे, मग भीती कसली, असं पुष्कळांना वाटतं. पण वर काळी माती, मग मुरूम, मग फुटका खडक आणि त्याखाली घट्ट काळा दगड, असा तो क्रम असतो. लाव्हाच्या दोन थरांमध्ये कधी लाल, विटकरी पट्टाही लागतो. उघडा पडून पाणी लागलं की तो मऊ होऊन झिजतो आणि वरचा खडक अधांतरी राहतो. म्हणून कातळ लागला तरी आम्ही त्याच्या भेगा कुठल्या दिशेला कलल्यात ते बघतो, आणि गरज असेल तिथे खडकात बोल्ट मारून शॉटक्रीट करतो, म्हणजे दाबाने काँक्रीट फवारतो.

कामाचा क्रम साधा आहे, धीर मात्र लागतो. कडेनं पाइल्स, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले खांब, त्यांची डोकी बांधणारा वरचा कॅपिंग बीम, मग दोन मीटरच्या आसपास खोदाई. तिथे तिरकं ड्रिल करून अँकर, म्हणजे भिंतीला मागच्या जमिनीत धरून ठेवणारा पोलादी ताण, घालायचा, ग्राउट (सिमेंटचा पातळ गारा) भरायचा, ग्राउटला ताकद येऊ द्यायची, जॅकनं ताणून तपासायचा आणि लॉक करायचा. मगच खालची फळी, म्हणजे खोदाईचा पुढचा टप्पा, खोदायची. मुंबईला भरावाच्या जमिनीवर काम केलं तेव्हा भरती-ओहोटीबरोबर खड्ड्यातलं पाणी वर-खाली व्हायचं. तिथे आधी पाणी अडवणारी सलग भिंत आणि नंतरच खोदाई, दुसरा मार्ग नव्हता.

एका बिल्डरनं मे महिन्यात आग्रह धरला, पावसाच्या आत दोन फळ्या एकदम खोदा, अँकर मागून मारू. आम्ही नाही म्हटलं आणि काम गेलं. बिलातले पैसेही अडकले. तो निर्णय मी आजही तसाच घेईन.

29 जून 2019च्या पहाटे कोंढव्यात संरक्षक भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि 15 माणसं गेली, त्यांत लहान मुलंही होती. त्या दिवशी आम्ही सगळ्या साइट्स बंद ठेवल्या. आमच्याही एका साइटवर मजुरांच्या खोल्या भिंतीच्या आडोशाला होत्या, कारण तिथे वारा लागत नाही. संध्याकाळपर्यंत त्या हलवल्या. आता करारातच लिहून घेतो, की भिंतीखाली किंवा खड्ड्याच्या काठाला कुणाचाही मुक्काम असणार नाही.

सध्या कोथरूडला काम चालू आहे. शेजारच्या इमारतीत तळमजल्यावरच्या आजींच्या स्वयंपाकघरात ओट्यावर जुनी भेग आहे. खोदाईच्या आधी आम्ही तिचे फोटो काढले आणि तिच्यावर आडवी काचेची पट्टी प्लास्टरमध्ये बसवली. भेग वाढली तर काच तडकेल. पहिल्या आठवड्यात आजी घाबरलेल्या होत्या, "रात्री झोप लागत नाही रे बाळा," म्हणायच्या. आता त्या स्वतःच रोज सकाळी पट्टी बघून सुपरवायझरला खिडकीतून सांगतात. काल संध्याकाळी मीही जाऊन पाहिली, काच शाबूत आहे. दुसऱ्या रांगेचे अँकर लॉक झालेत, उद्या तिसरी फळी खोदायला घेतोय.