लेप्टोच्या पानाला पंधराशे शब्द कशाला?

मी हॉस्पिटल, लॅब, क्लिनिक अशांच्या वेबसाइटसाठी मराठी मजकुराचं काम बघते, म्हणजे थोडं स्वतः लिहायचं आणि बाकी फ्रीलान्सर मंडळींकडून आलेलं तपासून, डॉक्टरांकडून पास करून साइटवर चढवायचं. ऑफिस मुंबईत परळला. परळमध्ये नोकरी करणाऱ्याला जुलै महिना वेगळा समजावायला नको. जवळच्या सखल हिंदमाताला आता जमिनीखाली टाक्या झाल्यात, पाणी पूर्वीपेक्षा लवकर ओसरतं, पण जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली की भरायचं ते भरतंच आणि लोक पॅन्ट दुमडून त्यातूनच कामावर येतात.

एका वर्षी एका हॉस्पिटलचं काम आमच्याकडे आलं होतं. सोबत एक एक्सेल शीट. विषय, कीवर्ड, डेडलाइन आणि शब्दसंख्या. शब्दसंख्येच्या कॉलममध्ये वरपासून खालपर्यंत एकच आकडा, 1500. लेप्टोला, म्हणजे साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसला 1500, डेंग्यूला 1500, किडनी ट्रान्सप्लांटला 1500 आणि एमआरआयला येताना अंगावर काय घालू नये त्यालाही 1500. हा आकडा कुठून आला विचारलं तर उत्तर मिळालं, गुगलला लांब लेख आवडतात, रिसर्च आहे तसा.

रिसर्च आहे हे खरंय. बॅकलिंको नावाच्या साइटने 2016 मध्ये भरपूर सर्च रिझल्ट तपासून सांगितलं होतं की पहिल्या पानावर येणाऱ्या लेखांची सरासरी लांबी 1890 शब्द आहे, पुढे 2020 मध्ये परत तपासलं तेव्हा ती 1447 आली. पण ही सरासरी आहे. लांब आहेत म्हणून ते लेख वर आले असं त्यातून सिद्ध होत नाही, ज्या लेखात माणसाला हवं ते सगळं असतं तो आपोआप थोडा लांब होतो आणि लोक त्यालाच लिंक देतात, असंही असू शकतं ना. आणि गुगलचं म्हणाल तर त्यांच्याच मार्गदर्शक पानावर लेखकांनी स्वतःला विचारायचे प्रश्न दिलेत, त्यात एक प्रश्न असा आहे की गुगलला अमुक शब्दसंख्या आवडते असं ऐकून तुम्ही तेवढे शब्द लिहिताय का, आणि पुढे कंसात त्यांनीच लिहिलंय, नाही, आम्हाला अशी कुठली आवड नाही. गुगलचे जॉन म्युलर हे तर कित्येक वेळा जाहीरपणे बोललेत की शब्दसंख्येवर रँकिंग ठरत नाही. हे सगळं मी मेलवर पाठवलं होतं. काही फरक पडला नाही. शीट तशीच राहिली आणि लेप्टोचं पान 1500 शब्दांचं होऊन साइटवर गेलं.

मग तो पावसाचा दिवस आला.

आमच्याकडे चहापाणी आणि कुरिअर बघणारे मामा आहेत, कळव्याहून येतात. त्या दिवशी आले ते पोटरीपर्यंत ओले, आणि डाव्या पायाच्या घोट्याला चपलेच्या पट्ट्याने घासून चांगलं सालटं निघालेलं. काल संध्याकाळी घरी जातानाही असंच पाण्यातून गेलो म्हणाले. मी म्हटलं मामा, हे पाणी घाण असतं, उंदराच्या मुतातून लेप्टो होतो, पायाला जखम असली तर जास्तच. तर म्हणाले, ताई, तुम्ही ते आजारांचं लिहिता ना वेबसाइटवर, त्यात काय लिहिलंय ते द्या वाचायला.

मी त्यांच्याच फोनवर लेप्टोचं पान उघडून दिलं आणि शेजारी उभी राहिले. ती दोन-तीन मिनिटं मी विसरणार नाही. पहिल्या स्क्रीनवर होतं, पावसाळा म्हणजे सर्वांचाच आवडता ऋतू, गरमागरम चहा आणि कांदाभजी, मात्र या आल्हाददायक ऋतूसोबत अनेक आजारही येतात वगैरे. मामांनी ते वाचलं, अगदी ओठ हलवत सगळं वाचलं. मग अंगठ्याने वर सरकवलं. लेप्टोस्पायरोसिस म्हणजे काय, हा जिवाणू कसा दिसतो, शोध कधी लागला. इथे अंगठा जरा जोरात फिरला. मग फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजची पट्टी आली, तिच्यावर चुकून बोट लागलं, वेगळंच पान उघडलं, मी मागे आणून दिलं. मग जगभरात हा आजार कुठे कुठे आढळतो. त्यानंतर त्यांनी चष्मा काढला, फोन माझ्याकडे दिला आणि म्हणाले, ताई, मी डॉक्टरकडे जाऊ की नको, तेवढं सांगा.

उत्तर पानावर होतं, अगदी बरोबर होतं. पालिका दर पावसाळ्यात सांगते तेच, की साचलेल्या पाण्यातून चालला असाल तर 24 ते 72 तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा आणि त्यांच्या सल्ल्याने प्रतिबंधात्मक गोळ्या घ्या, ताप यायची वाट बघू नका. पण ते होतं 'प्रतिबंधात्मक उपाय' या मथळ्याखाली, अगदी तळाला, हात स्वच्छ धुवा आणि उकळलेलं पाणी प्या याच्या खाली चौथ्या नंबरला. ज्या माणसाचे 72 तास आदल्या संध्याकाळीच सुरू झालेत त्याला आम्ही आधी कांदाभजी वाचायला दिली होती. मला फार वाईट वाटलं आणि रागही आला. मामांना लगेच पालिकेच्या दवाखान्यात पाठवलं, तिथे डॉक्टरांनी पाय बघितला, गोळ्या दिल्या, ते दुपारी कामावर परत आले.

एवढ्यावर मी म्हटलं असतं की पान दीडशे शब्दांचं करा, विषय संपला. पण अकाउंट्समधली एक मैत्रीण हे सगळं ऐकत होती, तिचा मुलगा पहिलीत, सोसायटीच्या कंपाउंडमध्ये साचलेल्या पाण्यात खेळून आलेला. तिने तेच पान स्वतःच्या फोनवर उघडलं आणि थेट 'मुलं' शब्द शोधला. काही नाही. अख्ख्या पंधराशे शब्दांत लहान मुलांबद्दल एक ओळ नव्हती, गरोदर बाईबद्दलही नव्हती. आणि ते महत्त्वाचं आहे, कारण लेप्टो होऊ नये म्हणून मोठ्यांना जी डॉक्सिसायक्लिनची गोळी देतात ती आठ वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बायकांना सहसा देत नाहीत, डॉक्टर दुसरं औषध निवडतात. घरात उरलेली नवऱ्याची गोळी अर्धी करून पोराला देणारे लोक आहेत आपल्याकडे, त्यांना हे सांगायलाच पाहिजे. म्हणजे पान एकाच वेळी फार लांबही होतं आणि अपुरंही होतं, आणि शब्द मोजून या दोन्हीतलं काहीच कळलं नसतं.

दुपारी हॉस्पिटलच्या मार्केटिंगच्या मॅडमना फोन केला. त्या वाईट नाहीत हो, त्यांनाही वर कुणालातरी रिपोर्ट द्यायचा असतो. त्या म्हणाल्या, अगं पण लहान केलं तर कंटेंट थिन दिसेल. मी म्हटलं मॅडम, थिन म्हणजे ज्यात वाचणाऱ्याच्या हाताला काही लागत नाही ते, शब्द कमी असणं म्हणजे थिन नाही. त्या म्हणाल्या, लेख गुगलसाठी चांगला झालाय का ते तपासणाऱ्या प्लगइनमध्ये हिरवा दिवा येत नाही. तर योस्टसारखी प्लगइन सुद्धा साध्या पोस्टला कमीत कमी 300 शब्द असावेत एवढंच सुचवतात, पंधराशे कुणी सांगितलेलं नाही. मग मी त्यांना मामांचा किस्सा सांगितला, कुठे थांबले, कुठे चष्मा काढला, सगळं. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, डॉक्टरांना विचारूया.

मेडिसिनच्या ज्या डॉक्टरांकडे आमची पानं तपासायला जायची त्यांना कॉन्फरन्स कॉलवर घेतलं. ते म्हणाले, मी ओपीडीत पेशंटला हे दोन मिनिटांत सांगतो, आधी विचारतो पाण्यातून किती वेळा गेलात, मग विचारतो पायाला जखम आहे का, मग वय आणि गरोदर आहे का ते. बाकी सगळं नंतर. मला लेखाचा आराखडाच मिळाला. एकदाच पाण्यातून गेलेला आणि जखम नसलेला, जखम असलेला, आणि सफाई कामगारांसारखा रोज त्या पाण्यात काम करणारा, या तिघांचा धोका वेगवेगळा आणि डॉक्टर गोळ्यांचा कोर्सही त्याप्रमाणे ठरवतात. डोस मात्र छापू नका म्हणाले, लोक मेडिकलमधून परस्पर घेतात.

नवीन पानाचं पहिलं वाक्य असं झालं: पावसाच्या साचलेल्या पाण्यातून चालला असाल तर ताप नसला तरी 72 तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. त्याखाली तीन प्रकारची माणसं. मग मुलं आणि गरोदर बायका. मग ही लक्षणं दिसली तर थांबू नका, ताप, डोकं दुखणं, पोटऱ्या भरून येणं, डोळे लाल होणं, आणि काविळीसारखं पिवळं दिसायला लागलं किंवा लघवी कमी झाली तर सरळ हॉस्पिटल. लक्षणं साधारण 5 ते 14 दिवसांनी दिसतात, कधी महिनाभरानेही, म्हणून ताप आल्यावर डॉक्टरांना पाण्यातून गेल्याचं आवर्जून सांगा, हेही घातलं. शेवटी, ज्याला वाचायचंय त्याच्यासाठी, जिवाणू आणि 2005 च्या पुरानंतर मुंबईत आलेली लेप्टोची साथ. सगळं मिळून चारशेच्या आसपास शब्द झाले. ते चारशे आधी ठरवले नव्हते, प्रश्न संपले तिथे थांबलो.

लोक वेबवर फार कमी वाचतात हे काही नवीन नाही. लोक वेबसाइट कशा वापरतात याचा अभ्यास करणाऱ्या जेकब निल्सन यांनी 1997 मध्येच दाखवलं होतं की त्यांच्या चाचणीतले 79 टक्के लोक पान नुसतं चाळतात, आणि 2008 मध्ये हिशोब मांडला की एका भेटीत पानावरचे जास्तीत जास्त 28 टक्के शब्द वाचून होतात, बहुधा 20 टक्केच. हे आकडे मी कितीतरी वेळा मीटिंगमध्ये सांगितलेत. पण मामांचा अंगठा बघितल्यावर माझ्या डोक्यात आलं की प्रश्न लोक किती वाचतात हा नाहीच, त्या क्षणी त्यांना काय ठरवायचंय हा आहे.

कारण त्याच शीटमधलं किडनी ट्रान्सप्लांटचं पान उलट वाढत गेलं. तो वाचणारा माणूस वेगळा. नवऱ्याचं डायलिसिस चालू आहे, बायको रात्री कॉरिडॉरमधल्या बाकड्यावर बसून वाचतेय, तिला वेळच वेळ आहे आणि प्रश्न संपत नाहीत. मी किडनी देऊ शकते का, दिराने दिली तर चालेल का. 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात जवळचे नातेवाईक म्हणजे कोण हे ठरलंय, नवरा-बायको, आई-वडील, मुलं, भाऊ-बहीण, आणि 2011 च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा आणि नातवंडंही. दीर पेशंटचा सख्खा भाऊ म्हणून त्यात बसतो, पण पेशंटचा मेहुणा बसत नाही, त्याला द्यायची असेल तर ऑथरायझेशन कमिटीपुढे जावं लागतं. नातेवाईकांत कुणीच जुळलं नाही तर मरणोत्तर दानाच्या यादीत नाव, ते मुंबईत झेडटीसीसीकडे, म्हणजे दान आलेल्या अवयवांचं वाटप बघणाऱ्या केंद्राकडे, तेही हॉस्पिटलमार्फत. कागदपत्रं कुठली, दात्याच्या तपासण्या कुठल्या, दात्याला नंतर काम करता येतं का. ते पान तीन हजार शब्दांच्या पुढे गेलं आणि मला त्यातली एक ओळ काढावीशी वाटत नाही. वर फक्त प्रश्नांची यादी दिली, ज्याला जो हवा त्याने तो दाबायचा.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलली पाहिजे. हा 1500 चा आकडा टिकून राहतो तो गुगलमुळे नाही, बिलामुळे. फ्रीलान्सरला शब्दामागे पैसे मिळतात, म्हणून बिल पास करणाऱ्याला मोजता येईल असं काहीतरी हवं असतं, आणि शब्द मोजता येतात. शब्दांवर घर चालवणारा पोरगा चारशेत का थांबेल, त्याला दोष कसा द्यायचा. त्यात मराठीचं आणखी एक, आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे तोच मजकूर इंग्रजीपेक्षा कमी शब्दांत होतो, आणि इंग्रजी पानाएवढीच संख्या मागितली की मराठी लिहिणारा भर घालत बसतो. म्हणून मी आमच्या ऑफिसच्या सरांकडे हट्ट धरला की आपल्याकडे तरी पानामागे पैसे द्यायचे, विषय किती अवघड आणि डॉक्टरांबरोबर किती बसावं लागणार त्यावर दर. सर आधी तयार नव्हते, पण दोन-तीन लिहिणारे स्वतःच म्हणाले की आम्हाला हे परवडेल, मग झालं. शीटमधला शब्दसंख्येचा कॉलम काढला, त्या जागी लिहिलं, वाचून उठल्यावर हा माणूस काय करणार.

सध्या डेंग्यूचं पान चालू आहे आणि त्यावर डॉक्टरांशी रोज वाद होतोय. लोक सगळ्यात जास्त विचारतात प्लेटलेट कितीवर आल्या की चढवतात, आणि डॉक्टर म्हणतात नुसता आकडा बघून ते ठरत नाही, रक्तस्राव होतोय का ते बघतात, लोक उगाच प्लेटलेटच्या मागे धावतात. त्यांचं म्हणणं आधी धोक्याचा काळ सांगा, डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी, पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यातून रक्त असं सुरू होऊ शकतं आणि घरचे मात्र ताप गेला म्हणून निर्धास्त झालेले असतात. माझं म्हणणं प्लेटलेटचा प्रश्न घेऊन आलेल्याला पहिल्या ओळीत त्याचंच उत्तर द्या, नाहीतर तो तापापर्यंत पोचणारच नाही. आता दोन्ही वरच्या स्क्रीनवर बसवतोय, आणि साध्या फोनवर ते एका नजरेत मावतंय का हे मामांच्या फोनवर बघून ठरवणार आहोत.