आमची वाटचाल: चढाचं गणित पुढच्या दात्यांत

ठाण्यात घोडबंदर रोडला वर्कशॉप सुरू केलं तेव्हा कामं ठरलेली होती: पंक्चर, ब्रेकशू, गिअरची केबल, चाकाचा आउट काढणं. येऊरच्या डोंगरावर जाणाऱ्या सायकली वाढल्या तशा तक्रारी बदलल्या. उपवनहून वर निघालं की शेवटच्या गिअरलाही पाय अडतो, गुडघ्यावर ताण येतो, उभं राहून मारावं लागतं. गायमुखच्या घाटातही तेच. बहुतेकांना मागचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकाचा दातेरी गिअरसंच, मोठं करून हवं असायचं. आम्ही मात्र आधी पुढचे दाते मोजायला लागलो, आणि तिथूनच क्रँकसेटचं (पेडलचे दांडे आणि पुढच्या दातेरी रिंगा) काम हीच आमची ओळख झाली.

स्वस्त एमटीबीला पुढे 42-34-24 आणि हायब्रिडला 48-38-28 अशा दात्यांच्या तीन चेनरिंग बऱ्याचदा येतात. मागे 14-28 चं फ्रीव्हील असेल तर हायब्रिडचा सर्वांत हलका गिअर 28 भागिले 28, म्हणजे 1 येतो. 29 इंची चाकावर मिनिटाला पेडलच्या 60 फेऱ्या मारल्या तर ताशी सव्वाआठ किमी वेग होतो. तीव्र चढावर नवख्याला तो टिकवता येत नाही, मग लय घसरते आणि सगळा भार गुडघ्यावर येतो. तेच पुढे 22 आणि मागे 34 असेल तर गुणोत्तर 0.65 होतं; त्याच लयीत वेग 5.3 किमी. तोल राहतो, दमही पुरतो.

सायकल आली की पहिली तपासणी एकच: चेनरिंग रिव्हेटनं कायमच्या ठोकलेल्या की बोल्टनं बसवलेल्या? रिव्हेट घासून काढून रिंग बदलून द्या, अशी मागणी येते. ते काम आम्ही घेत नाही. भोकांचं माप प्रमाणित नसतं, बसवलेली रिंग मध्यावर राहत नाही आणि चेन प्रत्येक फेरीत ताणते-सैलावते. तिथे पूर्ण क्रँकसेट बदलणंच बरं. चार बोल्टच्या क्रँकवर शेजारच्या दोन भोकांमधलं अंतर व्हर्नियरनं मोजतो. बाहेरच्या भोकांत 73.5 मिमी आलं तर 104 बीसीडी (बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा मिमीतला व्यास), आतल्या भोकांत 45.3 आलं तर 64 बीसीडी. 64 वर 22 ची रिंग बसते, 104 वर साधारणपणे 32 च्या खाली जाता येत नाही.

आमचा सगळ्यात आवडता बदल म्हणजे 42 ची रिंग काढून तिच्या जागी बॅशगार्ड (बिनदात्यांची संरक्षक चकती), मध्ये 32 आणि आत 22. बॅशगार्ड लावायचा नसेल तर मधल्या रिंगसाठी आखूड बोल्ट लागतात, कारण जुने लांब बोल्ट तळाला टेकतात आणि रिंग सैलच राहते. रिंगवरची छोटी खूण क्रँकच्या दांड्याच्या रेषेत आणायची, नाहीतर गिअर उशिरा पडतो. आतले बोल्ट थेट ॲल्युमिनियमच्या आट्यांत जातात. ते आधी हातानं फिरवायचे, पाना नंतर. इथे घाई केली की आटे गेले.

दुकानात लोकांना वाटतं, रिंग बदलली की काम झालं. खरं काम पुढे आहे. सर्वांत मोठी रिंग 10 दात्यांनी लहान झाली की पुढचा डिरेलर (चेन एका रिंगवरून दुसरीवर ढकलणारा भाग) सुमारे 20 मिमी खाली आणावा लागतो. त्याची बाहेरची पट्टी दात्यांच्या 1 ते 3 मिमी वर हवी. काही फ्रेमवर त्याची शेपटी चेनस्टेला, म्हणजे चेनलगतच्या फ्रेमच्या नळीला, अडकते. तेव्हा तो थोडा वर ठेवतो आणि गिअर जरा सावकाश पडेल हे ग्राहकाला आधीच सांगतो. डिरेलरची बाहेरची हद्द ठरवणारा एच स्क्रू आत घेऊन काढलेल्या रिंगची तिसरी जागा बंद करतो. मागे 34 असेल तर चेनही साधारण 4 कड्यांनी कमी होते. चेन पुढच्या मोठ्या रिंगवर आणि मागच्या मोठ्या स्प्रॉकेटवर (दातेरी चकतीवर) मागच्या डिरेलरमधून न घेता गुंडाळून मोजायची, वर दोन कड्या ठेवायच्या.

क्रँक काढताना पुलर (दांडा ओढून काढायचं अवजार) पूर्ण आत गेला पाहिजे आणि आत राहिलेला वॉशर आधी निघाला पाहिजे. नाहीतर दांड्याचे आटे फाटतात आणि दांडा भंगारात. डावं पेडल आणि बीबीचा (क्रँकच्या एक्सलच्या बेअरिंगचा) उजवा कप, दोघांनाही उलटे आटे. चौकोनी एक्सलवर क्रँकबोल्ट आम्ही 40 न्यूटन मीटरच्या आसपास आवळतो. पहिल्या एक-दोन राइडनंतर एकदा तपासतो. दर आठवड्याला आवळत बसलं तर दांडा एक्सलवर सरकत जातो. आणि सैल दांड्यावर तशीच सायकल चालवली तर मऊ ॲल्युमिनियमचं चौकोनी भोक गोल होतं. मग कितीही आवळा, उपयोग नाही.

2012 मध्ये स्रॅम कंपनीचा एक्सएक्स1 हा पुढे एकच रिंग असलेला गिअरसंच आला तेव्हापासून पुढे एकच रिंग हवी असं म्हणणारे वाढले. आमचं मत स्पष्ट आहे: मागचा कॅसेट (मागच्या चाकाचा गिअरसंच) बदलायचा नसेल तर हे करू नका. 32 ची एकच रिंग आणि मागे 34 म्हणजे 0.94, आधीच्या 24-34 च्या 0.71 पेक्षा चढ जडच होतो. मागे 42 चा कॅसेट लावला तरी 0.76. तेवढा मोठा स्प्रॉकेट पेलणारा मागचा डिरेलर, चेन धरून ठेवणारी अरुंद-रुंद दात्यांची नॅरो-वाइड रिंग आणि चेनलाइन (चेन पुढून मागे सरळ जाणं), तिन्ही जुळत असतील तर मात्र मजा येते. देखभालही कमी होते.

पावसाळ्यात चिखल लागला की 22 च्या रिंगवर चेन चिकटून वर ओढली जाते आणि चेनस्टेचा रंग खरवडून निघतो. झिजलेल्या रिंगवर नवी चेन टाकली की हे हमखास होतं. म्हणून चेनची झीज मोजायच्या गेजवर चेन 0.75 टक्के ताणलेली दिसली की 8 स्पीडवर (मागे 8 गिअर) आम्ही ती बदलून घ्यायला सांगतो, आणि दाते हुकासारखे वाकलेले असतील तर चेनबरोबर रिंगही. 22 ची रिंग स्टीलचीच देतो. ॲल्युमिनियमची हलकी असते, पण एवढ्या कमी दात्यांवर ताण जास्त पडतो आणि ती लवकर झिजते.