९५ सेंटिमीटर उंचीवरचे शहर

मुलांना घेऊन त्या मोठ्या शहरात पोहोचलो त्या पहिल्याच सकाळी आम्ही दोघांनाही नीट बजावून सांगितले होते की, चुकामूक झालीच तर रेल्वे स्थानकाच्या मुख्य दालनातल्या मोठ्या घड्याळाखाली येऊन उभे राहायचे. घड्याळ चांगले भलेथोरले होते, दालनाच्या मधोमध टांगलेले होते आणि चारही दिशांनी दिसत होते, त्यामुळे याहून चांगली खूण मिळणे शक्य नाही असे मला मनापासून वाटले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गर्दीत तिकिटे काढण्यासाठी मी धाकट्याचा हात क्षणभर सोडला, पर्स बंद करून हात पुढे केला आणि तो हात धरायला तिथे कोणीच नव्हते.

त्यानंतरची पाच-सहा मिनिटे मला आजही जशीच्या तशी आठवतात. नवरा सात वर्षांच्या थोरलीला घेऊन घड्याळाखाली उभा राहिला आणि मी त्याचे नाव घेत दालनभर फिरले. तो सापडला तो घड्याळापासून जेमतेम वीस पावलांवर, एका खांबाला पाठ टेकून उभा असलेला. त्याच्याजवळ स्थानकाची सफाई करणाऱ्या एक बाई झाडू बाजूला ठेवून उकिडव्या बसल्या होत्या. त्यांनी त्याला तिथून कुठेही हलवले नव्हते, फक्त त्याच्या डोळ्यांसमोर येईल अशा उंचीवर स्वतःला आणून त्या त्याच्याशी बोलत होत्या. मी त्याला उचलून घेतले तेव्हा तो रडवेल्या आवाजात म्हणाला, "आई, घड्याळ सापडतच नाही."

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच खांबाशी मी गुडघ्यांवर बसले. लोक मला वळसा घालून जात होते, पण मला ते पाहायचेच होते. समोर पट्टे होते, पिशव्यांचे बंद होते, चाकांच्या बॅगा होत्या, गुडघे आणि कोपरे होती. एक माणूस सरकला की त्याच्या जागी दुसरा येई आणि फट बुजून जाई. घड्याळ दिसावे म्हणून मान पार मागे टाकली तेव्हा मध्ये लटकणाऱ्या वेळापत्रकाच्या फलकाच्या पाठीमागे त्याची फक्त खालची कड दिसली. म्हणजे आम्ही त्याला जी खूण दिली होती ती आमच्या उंचीची होती, आणि तो बिचारा आज्ञाधारकपणे तिच्याच शोधात आमच्यापासून दूर गेला होता.

नेदरलँड्समधल्या बर्नार्ड व्हॅन लीअर फाउंडेशनने २०१६ मध्ये 'अर्बन ९५' नावाचा एक उपक्रम सुरू केला. निरोगी तीन वर्षांच्या मुलाची उंची साधारण ९५ सेंटिमीटर असते, तेव्हा या उंचीवरून शहर पाहता आले तर तुम्ही त्यात काय बदलाल, असा प्रश्न तो शहरांच्या कारभाऱ्यांना विचारतो. मला हा उपक्रम आधीपासून माहीत होता आणि त्याचे कौतुकही होते, पण तो प्रश्न महापौरांनी आणि अभियंत्यांनी सोडवायचा आहे अशी माझी समजूत होती. माझा मुलगा या ९५ सेंटिमीटरपेक्षा फार तर सात-आठ सेंटिमीटरने उंच आहे. त्या खांबाशी बसल्यावर मला कळले की, मुलांना घेऊन कोणत्याही गजबजलेल्या शहरात जाणाऱ्या प्रत्येक आईबापाने हा प्रश्न रोज सकाळी बाहेर पडण्यापूर्वी स्वतःला विचारायला हवा.

त्या दिवसापासून आम्ही सर्वात आधी खुणा बदलल्या. केविन लिंच या अमेरिकी नगररचना अभ्यासकाने १९६० मध्ये असे मांडले की, माणसे शहर मनात साठवतात ते वाटा, कडा, विभाग, चौक आणि ठळक खुणा या पाच गोष्टींच्या आधारे. मोठ्यांच्या ठळक खुणा म्हणजे मनोरे, घुमट, पुतळे आणि उंच पाट्या. मुलांच्या खुणा जमिनीलगत असतात. त्यामुळे नव्या जागी गेल्यावर जमायची जागा आम्ही ठरवायची आणि त्यांना दाखवायची, हा क्रम आम्ही उलटा केला. "इथे तुला काय दिसते?" असे आधी त्याला विचारायचे आणि तो जे दाखवेल, मग तो लाल रंगाचा पाण्याचा नळखांब असो की कोपरा फुटलेली पायरी, तीच खूण पक्की करायची. थोरलीच्या खुणा वेगळ्या निघाल्या, कारण तिला अक्षरे वाचता येतात आणि ती पाट्या लक्षात ठेवते.

खुणेइतकाच मोठा बदल नियमात केला. आम्हाला शोधायला निघायचे नाही. आम्ही दिसेनासे झालो की त्याच क्षणी आहे तिथे थांबायचे आणि आम्ही परत येऊ याची खात्री बाळगायची. लहान मूल चालत राहिले की शोधणारा आणि हरवलेला असे दोघेही हलत राहतात आणि एकमेकांच्या पाठीमागून निघून जातात. उभे राहून हाक मारायची तीही नुसती "आई" अशी नाही, कारण गर्दीत तशी हाक आली की दहा बायका वळून पाहतात आणि आपले मूल आपल्या शेजारी आहे हे पाहून पुढे जातात. धाकट्याला माझे पूर्ण नाव पाठ करून घेतले आणि तो ते इतक्या ठसक्यात म्हणू लागला की दोन दिवस घरात दुसरा आवाज नव्हता. मदत मागायचीच वेळ आली तर गणवेशातल्या कर्मचाऱ्याकडे किंवा लहान मुले सोबत असलेल्या बाईकडे मागायची, हेही सांगितले. मनगटाच्या आतल्या बाजूला बॉलपेनने आमचा फोन क्रमांक लिहिला. नाव मात्र कपड्यांवर किंवा दप्तरावर बाहेरून दिसेल असे लिहिले नाही, कारण नावाने हाक मारणारा माणूस मुलाला ओळखीचा वाटतो. आणखी एक सवय मी सर्वांना आग्रहाने सांगेन: रोज सकाळी निघताना मुलांचा पायापासून डोक्यापर्यंत एक फोटो काढावा. त्या संध्याकाळी मला एका कर्मचाऱ्याने त्याच्या सदऱ्याचा रंग विचारला होता आणि मला तो आठवला नव्हता.

रस्त्याबाबत माझे मत आता कठोर झाले आहे. मूल दोन्ही बाजूंना पाहते म्हणजे त्याला रस्ता ओलांडता येतो, हा गैरसमज आपण सारेच बाळगतो. इंग्लंडमधल्या रॉयल हॉलोवे विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिले की, प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांना ताशी सुमारे ३२ किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने जवळ येणारे वाहन जवळ येते आहे हे खात्रीने ओळखता येत नाही. दुरून समोर येणारी गाडी आपल्याला कळते ती तिची आकृती डोळ्यांत मोठी होत जाते म्हणून, आणि हे मोठे होत जाणे टिपण्याची क्षमता त्या वयात पुरती विकसित झालेली नसते. शिवाय रस्त्याच्या कडेला गाड्या उभ्या असतील तर मुलाला रस्ता दिसत नाही आणि चालकाला मूल दिसत नाही. म्हणून माझ्या सात वर्षांच्या मुलीलाही, तिने कितीही समजूतदारपणा दाखवला तरी, अनोळखी शहरात रस्ता ओलांडताना मी हात सोडू देत नाही. हातही बोटांनी धरायचा नाही, मनगटाला धरायचा. लहान घामट बोटे किती सहज निसटतात हे मी अनुभवले आहे.

मेट्रोत किंवा लोकलमध्ये चढताना क्रम ठरलेला असावा. एका मोठ्याने आधी चढायचे, मुलांनी मध्ये आणि दुसऱ्या मोठ्याने शेवटी, उतरतानाही हेच. एकट्याने दोन मुले घेऊन प्रवास करताना मी थोरलीला माझ्या पर्सचा पट्टा धरायला लावते आणि धाकट्याला कडेवर घेते, मग तो कितीही जड होवो. दार बंद होऊन थोरली आत आणि आम्ही बाहेर असे घडले, तर तिने पुढच्याच स्थानकावर उतरून फलाटावर उभे राहायचे आणि मी पुढची गाडी पकडून तिथे यायचे. ती बाहेर राहिली तर तिने तिथेच थांबायचे आणि मी परत यायचे, हे आम्ही घरात खुर्च्या मांडून दोनदा करून पाहिले. त्या सरावाने ती घाबरेल अशी मला भीती होती, पण उलट तिचा चेहरा सैलावला, कारण काय करायचे ते तिला आता माहीत होते. सरकत्या जिन्यावर मऊ रबरी चपला कडेच्या फटीत ओढल्या जातात, त्यामुळे पावले पिवळ्या रेषांच्या आत ठेवायची. बाबागाडी असेल तर वेळ गेला तरी लिफ्टच शोधायची.

बाबागाडीविषयी दोन शब्द. चार वर्षांच्या मुलाला ती लागत नाही असे म्हणणाऱ्यांनी दिवसभर शहरात त्याच्यासोबत चालून पाहावे. त्याची पावले आपल्या निम्म्याने असतात, म्हणजे आपण जेवढे चालतो तेवढ्याच अंतरात तो दुप्पट पावले टाकतो. मात्र ती गाडी मुलाला दिवसभर बांधून ठेवायची सोय नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत मुलाला एका वेळी एक तासापेक्षा जास्त काळ असे बसवून ठेवू नये असे म्हटले आहे. त्याच तत्त्वांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात दुपारच्या झोपेसह १० ते १३ तास झोप हवी. आम्ही पहिल्या दोन दिवसांत ही दुपारची झोप खाल्ली होती. इतके पैसे खर्च करून आलो आहोत तर खोलीवर झोपायचे कशाला, हा विचार त्यामागे होता, आणि धाकटा हरवला ती वेळ नेमकी त्याच्या पेंगण्याची होती हे मला फार नंतर उमगले.

त्यानंतर दिवसाला एकच ठिकाण, तेही सकाळी, असे ठरवले. संग्रहालयात गेलो तर एकच दालन पाहिले. माझ्या नवऱ्याला याचे वाईट वाटले आणि ते मला समजतही होते, कारण त्याला ज्या चित्रांची लहानपणापासून ओढ होती ती वरच्या मजल्यावर होती. एका दुपारी मुले झोपलेली असताना तो एकटा जाऊन ती पाहून आला. उरलेल्या वेळात आम्ही बागेतल्या घसरगुंडीपाशी बसलो. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील ३१ वे कलम विश्रांती आणि खेळ हे मुलांचे हक्क मानते, आणि सहल ही मुलांसाठीही सहलच असायची असेल, तर हे दोन्ही हक्क त्या दिवसांत सुटीवर जाऊ नयेत.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी धाकट्याने स्थानकापासून खोलीपर्यंत आम्हाला नेण्याचा हट्ट धरला. त्याच्या मनगटावर माझा हात होता, पण वाट तो दाखवत होता. नळखांबापाशी तो उजवीकडे वळला. दुकानांच्या रांगेकडे त्याने पाहिलेही नाही. फरशीवरचा एक तडा शोधून त्याच्यावरून पाय लांब टाकून तो पुढे गेला. भुयारी रेल्वेची गरम हवा वर सोडणारी एक जाळी पदपथावर होती. सहा दिवस मी तिच्यावरून ये-जा केली होती आणि ती तिथे आहे हे मला माहीत नव्हते. तो तिच्याजवळ उकिडवा बसला, तळहात पसरून वाफ लागते का ते पाहिले आणि म्हणाला, "इथून डावीकडे." मी वर पाहिले तर आमच्या इमारतीची पाटी अजून झाडाआड होती. आम्ही डावीकडे वळलो.